जामोव्ही: प्रबंधातील आकडेवारी पडताळता यावी यासाठी एक मोफत सॉफ्टवेअर

सोलापुरात काय किंवा राज्यात कुठेही काय, एमडी-एमएस करणाऱ्या डॉक्टरला पदवीसाठी प्रबंध लिहावाच लागतो, आणि त्यासाठी रुग्ण निवडणे, तपासणे, केसपेपरवरून नोंदी उतरवणे ही कामे तो रात्रपाळ्या सांभाळून मन लावून करत असतो. आकडेवारीचा भाग मात्र बहुधा शेवटच्या काही आठवड्यांत ‘स्टॅटिस्टिक्स करून देणाऱ्या’ कोणाच्या तरी हाती जातो. एक्सेलमधला मास्टर चार्ट (सर्व रुग्णांच्या नोंदींचा मूळ तक्ता) द्यायचा, ठरलेले पैसे द्यायचे आणि रंगीत आलेखांसह तक्त्यांचा गठ्ठा घेऊन यायचे, अशी ही रूढ पद्धत आहे. ते तक्ते चुकीचेच असतात असे नाही. पण त्यांतला एखादा आकडा कोणत्या रुग्णांवरून, कोणती चाचणी लावून आणि कोणाला वगळून आला, हे विद्यार्थ्याला सांगता येत नाही आणि गाइडला (मार्गदर्शक प्राध्यापकाला) तपासता येत नाही. जामोव्ही या मोफत सॉफ्टवेअरचे परीक्षण मी येथे याच एका प्रश्नाच्या अनुषंगाने करत आहे. ते वापरल्याने प्रबंधातील, आणि पुढे त्यावरून निघणाऱ्या शोधनिबंधातील, आकडेवारी वाचणाऱ्याला पडताळून पाहता येते का? बऱ्याच अंशी येते, पण त्यासाठी सॉफ्टवेअर नुसते उघडून पुरत नाही.

जामोव्ही हे ‘आर’ या सांख्यिकी प्रणालीवर उभारलेले आहे. आरमध्ये आज्ञा टंकाव्या लागतात, तर येथे तेच गणित मेनू आणि चौकटींवर टिचक्या मारून होते. जास्प नावाच्या तत्सम सॉफ्टवेअरवर आधी काम केलेल्या मंडळींनी २०१७ च्या सुमारास ते पुढे आणले आणि त्याची मूळ संहिता सर्वांना खुली आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ते चालते, वसतिगृहातल्या साधारण लॅपटॉपलाही ते झेपते, आणि एकदा उतरवून घेतले की नेहमीच्या कामाला इंटरनेट लागत नाही. एक्सेल, सीएसव्ही आणि एसपीएसएस या परवाना विकत घ्याव्या लागणाऱ्या सांख्यिकी सॉफ्टवेअरच्या फायली ते थेट उघडते. डावीकडे डेटा किंवा विश्लेषणाचे पर्याय आणि उजवीकडे निकाल अशी पडद्याची विभागणी असते. मास्टर चार्टमध्ये एखाद्या रुग्णाचे ५४ असे पडलेले वय दुरुस्त करून ४५ केले, की त्या वयावर अवलंबून असलेले सगळे तक्ते त्याच क्षणी बदलतात. ही सोय किरकोळ वाटते, पण प्रबंध तपासताना तिचे मोल कळते. तिसऱ्या तक्त्यात रुग्णांची बेरीज १२०, सातव्या तक्त्यात ११८ आणि सारांशात पुन्हा १२०, असा प्रकार सर्रास आढळतो. मास्टर चार्ट मध्येच कोणीतरी दुरुस्त करतो, काही तक्ते नव्याने निघतात आणि काही जुनेच राहतात, हे त्याचे नेहमीचे कारण.

सॉफ्टवेअर चांगले की वाईट हे ठरवायला कसोटी हवी. थॉमस लँग आणि डग्लस ऑल्टमन यांनी २०१३ मध्ये तयार केलेली ‘सॅम्पल’ मार्गदर्शक तत्त्वे मी त्यासाठी वापरली आहेत. वैद्यकीय शोधनिबंधात मूलभूत आकडेवारी कशी मांडावी एवढाच त्यांचा विषय आहे. ज्या ऑल्टमन यांनी १९९४ मध्येच, वैद्यकीय संशोधन कमी झाले तरी चालेल पण ते अधिक चांगले आणि योग्य हेतूने व्हावे, असे ब्रिटिश मेडिकल जर्नलमधून ठणकावून सांगितले होते, तेच हे ऑल्टमन. टक्केवारीबरोबर अंश आणि छेद द्या, सरासरीबरोबर प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) द्या, फरक किती हे त्याच्या कॉन्फिडन्स इंटरव्हलसह (खरा फरक ज्यांच्या दरम्यान असावा अशा दोन मर्यादांसह) सांगा, पी व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची संभाव्यता) नेमकी लिहा आणि ‘एनएस’ (नॉट सिग्निफिकंट) असे लिहून तिला झाकू नका, वापरलेल्या सॉफ्टवेअरचे नाव द्या, असे त्यांचे सांगणे आहे. या सगळ्यांच्या मुळाशी वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांचा एक जुना आग्रह आहे: मूळ डेटा हाती असलेल्या जाणकार वाचकाला निष्कर्ष पडताळता येतील इतक्या तपशिलाने पद्धत लिहावी.

आता सोलापूरला साजेसे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका विद्यार्थ्याने यंत्रमागावर काम करणारे ६० कामगार आणि गोंगाटापासून दूर काम करणारे ६० जण यांची श्रवणचाचणी केली. पहिल्या गटात २४ जणांना आणि दुसऱ्या गटात १२ जणांना ऐकू कमी येत असल्याचे दिसले. जामोव्हीत ‘फ्रिक्वेन्सीज’ या मेनूखाली गटांतील प्रमाणांची तुलना करणारी कायवर्ग चाचणी निवडून गट आणि श्रवणदोष हे दोन चल (रकाने) जागेवर टाकले, की २४, ३६, १२ आणि ४८ असा तक्ता, कायवर्गाचे मूल्य ५.७१ आणि पी व्हॅल्यू ०.०१७ एवढेच समोर येते. बहुतेक प्रबंधांत यापुढे काही नसते. ‘फरक सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय आहे’ हे वाक्य लिहून विद्यार्थी पुढच्या तक्त्याकडे वळतो. फरक किती मोठा आहे आणि तो किती खात्रीने सांगता येतो, हे वाचकाला कळतच नाही. त्याच पानावर खाली टक्केवारीची, प्रमाणांमधील फरकाची, रिलेटिव्ह रिस्कची (दोन गटांतील शक्यतांचे गुणोत्तर), ऑड्स रेशोची (दोन गटांतील ऑड्सचे, म्हणजे बाधित भागिले अबाधित यांचे, गुणोत्तर) आणि कॉन्फिडन्स इंटरव्हलची चौकट आहे. त्यांवर टिचकी मारली की चित्र पालटते. ४० टक्के विरुद्ध २० टक्के, म्हणजे फरक २० टक्के बिंदूंचा, आणि त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ४ ते ३६. रिलेटिव्ह रिस्क २.००, इंटरव्हल १.१० ते ३.६२. ऑड्स रेशो २.६७, इंटरव्हल १.१८ ते ६.०३.

यातून दोन गोष्टी उघड होतात. पहिली अशी की ०.०१७ ही पी व्हॅल्यू दिमाखदार दिसली तरी खरा फरक ४ टक्के बिंदूंइतका नगण्यही असू शकतो आणि ३६ इतका भयंकरही. १२० माणसांच्या अभ्यासातून याहून नेमके काही सांगता येत नाही, आणि ते तसे लिहिणे हाच प्रामाणिकपणा आहे. दुसरी अशी की ‘यंत्रमाग कामगारांत बहिरेपणाची शक्यता २.६७ पट’ हे वाक्य, जे असल्या तक्त्याखाली हमखास सापडते, चुकीचे आहे. शक्यता दुप्पट आहे, २.६७ हे ऑड्सचे गुणोत्तर आहे, आणि आजार जितका सर्रास आढळणारा असेल तितके हे दोन आकडे एकमेकांपासून दूर जातात. जामोव्ही दोन्ही आकडे शेजारी-शेजारी देते, म्हणून हा घोटाळा निदान डोळ्यांसमोर तरी येतो. येथे एक सावधगिरीही हवी. गटांचा क्रम उलटा लागला तर तोच ऑड्स रेशो ०.३८ असा दिसतो, आणि घाईत असलेला विद्यार्थी यंत्रमागामुळे श्रवणशक्तीचे रक्षण होते असा निष्कर्ष काढून मोकळा होऊ शकतो. चलाच्या मांडणीत पातळ्यांचा क्रम बदलता येतो. तो आधी ठरवूनच पुढे जावे.

जामोव्हीवरचा माझा मुख्य आक्षेपही येथेच आहे. जे आकडे वाचकाला सर्वाधिक हवे असतात ते आपोआप येत नाहीत, मागावे लागतात. दोन सरासऱ्यांची तुलना करणाऱ्या टी चाचणीतही आपोआप मिळते ते फक्त टीचे मूल्य, स्वातंत्र्यांश (डिग्रीज ऑफ फ्रीडम) आणि पी. सरासरीतील फरक, त्याचा इंटरव्हल आणि दोन्ही गटांची वर्णनात्मक मूल्ये यांसाठी वेगळ्या टिचक्या माराव्या लागतात. दोन गटांतील विचरण (आकड्यांचा पसारा) सारखे नसेल तर तक्त्याखाली तशी टीप येते हे चांगले. पण आपोआप लागते ती स्टुडंटची चाचणी, आणि अशा वेळी सोयीची असलेली वेल्चची चाचणी शेजारच्या चौकटीत वाट पाहत बसते. ज्याला काय मागायचे हे माहीत आहे त्याला हे सॉफ्टवेअर सगळे देते. ज्याला माहीत नाही त्याच्या हातावर ते पी व्हॅल्यू ठेवते.

वर्णनात्मक आकडेवारीत मात्र हीच तक्रार करता येत नाही. ‘डिस्क्रिप्टिव्हज’ उघडले की पहिल्या ओळीत एकूण संख्या आणि दुसऱ्या ओळीत गहाळ नोंदींची संख्या येते, तीही न मागता. हिमोग्लोबिन १२० पैकी १०३ जणांचेच झाले असेल तर ते लपत नाही. सरासरी, मध्यक आणि प्रमाण विचलनही लगेच मिळतात. प्रमाण त्रुटी (सरासरीच्या अंदाजातील अनिश्चितता, म्हणजे प्रमाण विचलन भागिले रुग्णसंख्येचे वर्गमूळ) मागितल्याशिवाय येत नाही, आणि हे मला विशेष आवडले. ३६ रुग्णांत हिमोग्लोबिनचे प्रमाण विचलन १.८ असेल तर प्रमाण त्रुटी ०.३ येते, ‘११.२ ± ०.३’ असे छापले की सगळे रुग्ण जणू एकाच साच्यातले आहेत असा भास होतो, आणि ± या चिन्हामागे दोहोंपैकी काय आहे हे कोणी सांगतही नाही. ‘सॅम्पल’ तत्त्वे म्हणूनच सरासरी लिहून कंसात प्रमाण विचलन द्यायला सांगतात. आलेखांतही नुसते स्तंभ काढण्याऐवजी बॉक्स प्लॉट आणि त्यावर प्रत्येक रुग्णाचा ठिपका दाखवण्याची सोय आहे. प्रबंधांतल्या त्या त्रिमितीय, चकचकीत स्तंभांपेक्षा हे ठिपके शंभर पटींनी जास्त सांगतात; परीक्षकांना ते आवडतील की नाही हा वेगळा मुद्दा.

पी व्हॅल्यू अतिशय लहान असेल तर जामोव्ही ती ‘< .००१’ अशी लिहिते. जुन्या एसपीएसएसच्या तक्त्यांतून जशीच्या तशी उचललेली ‘०.०००’ ही अशक्य गोष्ट त्यामुळे टळते. संभाव्यता शून्य नसते, पडद्यावर मावली नाही एवढेच. येथे दशांशचिन्हापूर्वीचे शून्य मात्र ते गाळते. मानसशास्त्राच्या नियतकालिकांत ती रीत आहे. वैद्यकीय प्रबंधात ते शून्य हाताने घालावे.

या परीक्षणात मला सर्वाधिक महत्त्वाची वाटणारी गोष्ट आहे जामोव्हीची फाइल. प्रबंधाच्या शेवटी मास्टर चार्ट जोडण्याची आपल्याकडे प्रथा आहे. आडव्या पानांवर, भिंग लागेल अशा अक्षरांत, संक्षेपांच्या किल्लीसह तो छापलेला असतो, आणि हेतू अगदी रास्त असतो: कोणाला शंका आली तर मूळ आकडे पाहता यावेत. प्रत्यक्षात १२० रुग्ण आणि चाळीस रकाने कागदावरून पुन्हा टंकून कोण तपासणार? जामोव्हीची ओएमव्ही फाइल नेमके हेच काम करते. तिच्यात डेटा, प्रत्येक चलाची व्याख्या, वगळणीच्या चाळण्या, सूत्राने तयार केलेले नवे रकाने, प्रत्येक विश्लेषणात निवडलेले पर्याय आणि निघालेले निकाल असे सगळे एकत्र साठते. गाइडने आपल्या संगणकावर ती उघडून एखाद्या तक्त्यावर टिचकी मारली, की तो कोणत्या पर्यायांनी तयार झाला ते डावीकडे दिसते. ‘६० वर्षांवरील रुग्ण वगळले’ हे वाक्य पद्धतीच्या प्रकरणात असेल तर तशी चाळणी खरोखर लावली होती का, हेही कळते. बीएमआयची गटवारी कुठे तोडली, १८.५ स्वतः कोणत्या गटात गेला, हे सूत्रातून वाचता येते. पर्यायांत सिंटॅक्सची सोय चालू केली तर प्रत्येक विश्लेषणाची आरमधील आज्ञाही दिसते. ती प्रबंधाच्या परिशिष्टात छापायला फार जागा लागत नाही. विभागाने प्रबंधाबरोबर ही फाइलही जमा करून घ्यायची असे ठरवले, तर बाहेरून करून आणलेल्या आकडेवारीचा प्रश्न कोणालाही न दुखवता निम्मा सुटेल, कारण बाहेरच्या माणसालाही मग आपले काम उघडे ठेवूनच द्यावे लागेल.

उणिवांकडेही पाहायला हवे. टी चाचणीच्या एकाच पानावर वीस चल एकदम टाकता येतात आणि वीस पी व्हॅल्यू एका झटक्यात मिळतात. या सोयीचा मोह वाईट आहे. खरा फरक कुठेच नसताना, आणि चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या तर, वीसपैकी निदान एक तरी ०.०५ च्या खाली जाण्याची शक्यता ६४ टक्के असते, आणि प्रबंधाचा निष्कर्ष नेमका त्या एकीवर उभा राहतो. यादृच्छिक विभागणी केलेल्या क्लिनिकल ट्रायलमध्ये सुरुवातीच्या वय-लिंगाच्या तक्त्यालाही पी व्हॅल्यू चिकटवण्याची हौस याच सोयीतून वाढते. तेथे ती निरर्थक आहे, कारण विभागणीच चिठ्ठीने झालेली असते. अशा ट्रायलचा अहवाल कसा लिहावा हे सांगणाऱ्या कॉन्सॉर्ट मार्गदर्शिकेनेही ते नको असे सांगितले आहे. मुख्य परिणाम कोणता हे सिनॉप्सिसमध्येच (प्रबंधाच्या आधी सादर होणाऱ्या आराखड्यात) लिहून ठेवणे, आणि क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआय या ट्रायलच्या भारतीय नोंदवहीत तशी आधी नोंदणी करणे, याला कोणतेही सॉफ्टवेअर पर्याय देऊ शकत नाही.

सॅम्पल साइजच्या (अभ्यासाला किती रुग्ण लागतील याच्या) बाबतीत जामोव्हीची फारशी मदत होत नाही. त्यासाठीचे ‘जेपॉवर’ हे मॉड्यूल टी चाचण्यांपुरते आहे, आणि आपल्याकडचे बहुसंख्य सिनॉप्सिस ४पीक्यू भागिले एलचा वर्ग या सूत्रावर चालतात (पी म्हणजे आजाराचे टक्के, क्यू म्हणजे १०० वजा पी, एल म्हणजे चालणारी चूक). त्या सूत्रातला ‘एल’ किती घेतला हे लिहिले जाते, कशाच्या १० टक्के हे मात्र लिहिले जात नाही. आजाराचे प्रमाण ४० टक्के धरले आणि १० टक्के बिंदूंची चूक चालेल असे म्हटले तर ९६ रुग्ण पुरतात. ४० च्या १० टक्के, म्हणजे ४ बिंदूंचीच चूक चालेल असे म्हटले तर ६०० लागतात. एथिक्स कमिटीपुढे कोणता आकडा मांडला आणि का, याचे एक वाक्य प्रबंधात असायलाच हवे. हे गणित ओपनएपीसारख्या मोफत साधनावर किंवा कागदावरही होते.

तारखांशी जामोव्हीचे फारसे जमत नाही, त्यामुळे दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंतचे दिवस एक्सेलमध्येच काढून आणणे सोयीचे. सर्व्हायव्हल ॲनालिसिससाठी (एखादी घटना घडेपर्यंतच्या काळाच्या विश्लेषणासाठी) आणि दोन मापनपद्धतींचा मेळ पाहणाऱ्या ब्लँड-ऑल्टमन आलेखासाठी वेगळी मॉड्यूल्स घालावी लागतात. ती मोफतच मिळतात, पण निरनिराळ्या लोकांनी लिहिलेली असल्याने त्यांची घडण सारखी नाही. ब्लँड-ऑल्टमनचा कंटाळा करून कोरिलेशनवर (सहसंबंध गुणांकावर) भागवू नये, हे सांगून ठेवतो. रक्तदाबाचे एक यंत्र दुसऱ्यापेक्षा कायम १० मिलिमीटर जास्त दाखवत असले तरी कोरिलेशन पूर्ण १ येते.

मग एसपीएसएस सोडावे का? ज्या विभागाकडे त्याचा रीतसर परवाना आहे आणि ते शिकवणारा माणूस आहे, त्याने घाई करण्याचे कारण नाही. पेनड्राइव्हवरून फिरणारी, कुलूप तोडलेली प्रत वापरून पद्धतीच्या प्रकरणात मात्र ऐटीत तिचे नाव लिहिणाऱ्यांनी जरूर सोडावे. आर शिकता आले तर उत्तमच, पण ओपीडी, आपत्कालीन ड्युटी आणि आयसीएमआरचा जैववैद्यकीय संशोधनाचा सक्तीचा ऑनलाइन अभ्यासक्रम एवढे सांभाळणाऱ्या रेसिडेंटकडून ती अपेक्षा ठेवणे मला रास्त वाटत नाही. जामोव्ही दोन-तीन सुट्ट्यांच्या दिवसांत हाताला वळते. संकेतस्थळावर ‘सॉलिड’ आणि ‘करंट’ अशा दोन आवृत्त्या दिसतील. प्रबंधासाठी पहिली घ्यावी, मध्येच ती बदलू नये, आणि तिचा पूर्ण क्रमांक पद्धतीच्या प्रकरणात लिहावा.

ओएमव्ही फाइल कोणाला पाठवण्यापूर्वी एक काम न चुकता करावे लागते. तिच्यात पूर्ण डेटा असतो, त्यामुळे निकालांचे तक्ते पुसले किंवा रकाना नजरेआड केला तरी रुग्णाचे नाव आणि आयपीडी (आंतररुग्ण) क्रमांक आतच राहतात. ते रकाने मुळातून काढून टाकावेत, नावाऐवजी अनुक्रमांक ठेवावा आणि त्या दोहोंची जुळणी दाखवणारी यादी गाइडच्या कपाटात कुलपात असावी. जन्मतारखेऐवजी वय ठेवावे. गावाचे नावही काढावे किंवा फक्त तालुका ठेवावा, कारण अक्कलकोट किंवा मंगळवेढा तालुक्यातले एखादे लहान गाव, रुग्णाचे वय आणि एखादे दुर्मिळ निदान एका ओळीत आले, तर त्या गावच्या माणसाला नाव वाचायची गरज उरत नाही.